प्रायोगिक उच्चरक्तदाब आणि ज्येष्ठमध : वृक्क, लवण व संप्रेरके यांचा चिकित्सकीय विचार

आयुर्वेदीय संहितांत उच्चरक्तदाब या नावाचा स्वतंत्र व्याधी वर्णिलेला नाही. त्यामुळे त्याच्या संप्राप्तीविषयी आपल्या नियतकालिकांतून आजवर पुष्कळ मतभेद प्रकट झाले. कोणी त्यास रक्तगत वात म्हटले, कोणी व्यानबलवैषम्य, तर कोणी आवृत वाताच्या प्रकारांत त्याची गणना केली. या वादात प्रस्तुत लेखात आम्ही शिरू इच्छित नाही. अल्डोस्टेरॉन म्हणजे अमुक दोष आणि रेनिन म्हणजे तमुक, अशी जुळवाजुळवही येथे करणार नाही. तशा समीकरणांनी शास्त्राचे वा रुग्णाचे हित झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आमचा प्रश्न मर्यादित व रोजच्या व्यवहारातील आहे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेला रुग्ण आपल्याकडे अम्लपित्तासाठी, कासासाठी, मलावष्टंभासाठी येतो. त्यास आपण जी द्रव्ये देतो त्यांपैकी काही द्रव्ये वृक्कांच्या मार्गाने त्याचा रक्तदाब वाढवू शकतात. ती कोणती, आणि हा परिणाम घडतो कसा, हे समजून घेण्यासाठी प्रयोगशाळेतील उच्चरक्तदाबाचा इतिहास थोडा पाहणे अगत्याचे आहे.

दीड किलो मीठ

निरोगी प्रौढ व्यक्तीची वृक्के चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातील सोडियमचे प्रमाण विचारात घेता या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ असते. त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक मीठ वृक्कनलिका परत शोषून घेतात आणि आपण आहारात जेवढे घेतो तेवढेच मूत्रावाटे बाहेर पडते. सुमारे ६५ टक्के शोषण नलिकेच्या पहिल्या भागात, २५ टक्के हेन्लेच्या वळणात होते. अखेरचे दोन-तीन टक्के मात्र संग्राहक नलिकेच्या आसपास ठरतात आणि तेथे अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल चालतो. दोन टक्के ऐकावयास क्षुल्लक वाटतात. पण दीड किलोचे दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम, अर्थात सर्वसाधारण मनुष्याच्या दोन-तीन दिवसांच्या आहारातील मीठ! एवढ्या छोट्या दारावर संप्रेरकांचा पहारा का आहे, ते यावरून ध्यानात यावे.

कुत्रे, उंदीर आणि चांदीची पकड

वृक्क स्वतःच रक्तदाब वाढविणारे द्रव्य निर्माण करते ही कल्पना १८९८ साली स्टॉकहोम येथील टायगरस्टेड व बर्गमन यांनी मांडली. सशाच्या वृक्काचा अर्क त्यांनी दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला, त्याचा रक्तदाब वाढला, आणि त्या अर्कातील द्रव्यास त्यांनी रेनिन हे नाव दिले. ही गोष्ट पुढे तीन-साडेतीन दशके जवळजवळ विस्मृतीत गेली. १९३४ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या वृक्कधमनीवर चांदीची पकड बसवून ती अर्धवट आवळली आणि कायमचा उच्चरक्तदाब निर्माण करून दाखविला, तेव्हा पुन्हा सर्वांचे लक्ष वृक्काकडे वळले. काही वर्षांतच ब्युनॉस आयर्समधील ब्राउन-मेनेंडेझ व अमेरिकेतील आयर्विन पेज यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की रेनिन स्वतः धमनीसंकोच करीत नाही. त्याच्यामुळे रक्तात जो पदार्थ तयार होतो तो ते कार्य करतो. दोन्ही गटांनी दिलेली नावे एकत्र करून १९५८ पासून त्यास अँजिओटेन्सिन म्हणू लागले. अल्डोस्टेरॉन १९५३ मध्ये लंडन येथील सिम्प्सन व टेट यांनी वेगळे केले, आणि अँजिओटेन्सिन हे अधिवृक्क ग्रंथीस अल्डोस्टेरॉन स्रवण्याची आज्ञा देते हा दुवा १९६० च्या सुमारास जुळला.

गोल्डब्लाट यांच्या प्रयोगाचे दोन प्रकार प्रत्येक चिकित्सकाने समजून घेण्याजोगे आहेत. प्राण्याची दोन्ही वृक्के जागेवर ठेवून एकाच धमनीवर पकड बसविली, तर पकडीखालच्या वृक्कास रक्त कमी पोहोचते व ते भरपूर रेनिन स्रवते. दुसरे वृक्क निरोगी असते. वाढलेल्या दाबाबरोबर त्याने मीठ बाहेर टाकून समतोल साधावयास हवा. परंतु रक्तात फिरणारे अँजिओटेन्सिन त्याही वृक्कास मीठ राखावयास लावते. दुसऱ्या प्रकारात एक वृक्क काढून टाकून उरलेल्या एकाच वृक्काच्या धमनीवर पकड बसवितात. येथे मीठ बाहेर टाकण्यास मोकळे वृक्क उरतच नाही. शरीरात लवण व जल साठते, रेनिनचे प्रमाण काही काळाने खाली येते, आणि तरीही रक्तदाब चढलेलाच राहतो. पहिल्या प्रकारात अँजिओटेन्सिनविरोधी औषधाने रक्तदाब उतरतो; दुसऱ्या प्रकारात शरीरातील मीठ आधी कमी केल्यावाचून त्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. एकच रक्तदाब, एकच आकडा, पण दोन भिन्न हेतू. हेतुविपरीत चिकित्सेचे महत्त्व मानणाऱ्या वैद्यास हे नवे वाटू नये.

तिसरा प्रयोग आमच्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी १९४० च्या दशकात प्राण्यांना डेसॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉन हे अल्डोस्टेरॉनसारखे कार्य करणारे संप्रेरक दिले. पुढे प्रचलित झालेल्या पद्धतीत उंदराचे एक वृक्क काढतात, हे संप्रेरक टोचतात आणि पिण्यास साध्या पाण्याऐवजी एक टक्का मिठाचे पाणी देतात. काही आठवड्यांत तीव्र उच्चरक्तदाब, हृदयवृद्धी व वृक्कविकृती दिसते. मीठ वगळले तर केवळ संप्रेरकाचा परिणाम अगदीच अल्प राहतो. या उंदरांत रेनिन अत्यल्प असते, कारण मीठ पुरेसे किंबहुना अधिक साठले आहे हे वृक्कास कळलेले असते.

अमेरिकेतीलच ब्रुकहेवन येथे लुइस डाल यांनी १९६२ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. भरपूर मीठ देऊनही ज्यांचा दाब वाढत नाही असे उंदीर आणि ज्यांचा झपाट्याने वाढतो असे उंदीर निवडून त्यांनी दोन वंश तयार केले. पुढे १९७० च्या दशकात या दोन वंशांत वृक्कांची अदलाबदल केली, तेव्हा रक्तदाबाचा कल ज्या वंशाचे वृक्क त्या वंशाकडे गेला. मीठ सर्वांना सारखेच बाधत नाही, आणि कोणास किती बाधेल हे मोठ्या अंशी त्याचे वृक्क ठरविते, हे यातून दिसते. प्रकृतिभेद मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निष्कर्ष सहज पटतो. पण म्हणूनच समोरचा रुग्ण कोणत्या वंशाचा उंदीर आहे हे नाडी पाहून ओळखता येते असा दावा कोणी करू नये, एवढे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

दाब ही शरीराने दिलेली किंमत

ज्यांचे शरीरक्रियाविज्ञानाचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी बी.ए.एम.एस.च्या काळात हाताळले असेल, त्या आर्थर गायटन यांनी या सर्व प्रयोगांस एका सूत्रात ओवले. वृक्कधमनीतील दाब वाढला की मूत्रावाटे सोडियम अधिक जाते. ज्या दाबास दिवसाचे मीठ दिवसात बाहेर पडते, त्या दाबावर शरीर अखेरीस स्थिरावते. अँजिओटेन्सिन व अल्डोस्टेरॉन वाढले की तेवढेच मीठ टाकण्यास वृक्कास अधिक दाब लागतो, आणि शरीर तो दाब उपलब्ध करून देते.

गायटन यांचे सहकारी जॉन हॉल यांनी १९८० च्या दशकात मिसिसिपीतील जॅक्सन येथे कुत्र्यांवर केलेला प्रयोग आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. अल्डोस्टेरॉन सतत दिले असता पहिले काही दिवस सोडियम साठते, वजन वाढते, आणि नंतर वृक्क पुन्हा पूर्ववत सोडियम टाकू लागते. यास अल्डोस्टेरॉनपासूनची सुटका असे म्हणतात. (या सुटकेत हृदयाच्या अलिंदातून स्रवणाऱ्या संप्रेरकाचाही हातभार लागतो, अलिंदाचा अर्क टोचताच उंदराचे सोडियम-उत्सर्जन वाढते हे कॅनडातील अॅडोल्फो डी बोल्ड यांनी १९८१ मध्ये दाखविले होते.) हॉल यांनी यंत्राच्या साह्याने वृक्कधमनीतील दाब मात्र वाढू दिला नाही. मग सुटका झालीच नाही. सोडियम साठतच राहिले व प्राण्यास शोथ होऊ लागला. याचा अर्थ उघड आहे: मीठ राखणारी आज्ञा चालू असेपर्यंत वाढलेला दाब हाच शरीराचा मीठ टाकण्याचा मार्ग असतो. ती आज्ञा न थांबविता केवळ दाब उतरविला, तर मीठ साठते. सर्पगंधेचा आधुनिक इतिहास येथे आठवतो. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेवरील आपला अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला व ती जगभर पोहोचली. परंतु तिच्यातील रिसर्पीनसोबत मूत्रल औषध जोडण्याची प्रथा लवकरच पडली, कारण एकट्याने दिल्यास सोडियम साठून परिणाम ओसरत असे.

ज्येष्ठमध : संप्रेरकाविना संप्रेरकाचे कार्य

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९४६ साली नेदरलँडमधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी आमाशयव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा घन दिला. व्रणास उतार पडला, पण सुमारे एक पंचमांश रुग्णांना सूज आली व डोकेदुखीसारख्या तक्रारी सुरू झाल्या. पुढे ज्येष्ठमधापासूनच तयार केलेले कार्बेनॉक्सोलोन हे औषध युरोपात आमाशयव्रणासाठी रूढ झाले आणि त्याचेही दोष तेच निघाले: शोथ, उच्चरक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियमचा क्षय. चित्र हुबेहूब अल्डोस्टेरॉनच्या अतिस्रावाचे; परंतु तपासले तर या रुग्णांच्या रक्तात रेनिनही कमी आणि अल्डोस्टेरॉनही कमी! शिवाय ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी पूर्णपणे निकामी झाल्या आहेत अशांना ज्येष्ठमध एकटा देऊन काहीच होत नसे. कॉर्टिसोन सोबत दिले तरच परिणाम दिसे. म्हणजे ज्येष्ठमध स्वतः संप्रेरकासारखा वागत नाही, दुसऱ्या कोणत्या तरी संप्रेरकास वाट मोकळी करून देतो.

हे कोडे १९८७-८८ च्या सुमारास एडिंबरो व मेलबर्न येथील संशोधकांनी सोडविले. वृक्कनलिकेतील अल्डोस्टेरॉनचा ग्राहक कॉर्टिसोललाही तितक्याच आवडीने स्वीकारतो, आणि रक्तात कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पटींनी अधिक असते. तरी अल्डोस्टेरॉनचाच अंमल चालतो, कारण त्या पेशीत एक विकर पहाऱ्यास असते व ते कॉर्टिसोलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनपासून आतड्यातील जंतू ग्लिसिऱ्हेटिनिक आम्ल तयार करतात, आणि हे आम्ल त्या पहारेकऱ्यास बांधून ठेवते. मग कॉर्टिसोल आत शिरते व सोडियम राखण्याची, पोटॅशियम टाकण्याची आज्ञा देते. १९९९ साली एडिंबरो येथेच या विकराचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. ज्येष्ठमध न खाताही त्यांना उच्चरक्तदाब झाला व पोटॅशियम घटले. सेल्ये यांच्या उंदराला सुईने जे दिले होते, तेच येथे आतून घडले.

मात्रेचा विचार केल्यावाचून हे सर्व अपुरे आहे. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये ग्लिसिऱ्हायझिनची दैनिक मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचविली. मुळातील प्रमाण प्रतीप्रमाणे बरेच बदलते. शेकडा ४ धरले तरी ३ ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम होतात. स्वीडनमधील लिंकोपिंग येथे २८ निरोगी तरुणांवर झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज १०० मिलिग्रॅम दोन आठवडे दिल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ३ मि.मी. वाढला आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबले. ३ मि.मी. ही वाढ निरोगी तरुणास जाणवणारही नाही. पण ही सरासरी आहे, आणि आपल्यापुढे येणारा रुग्ण पंचविशीतला निरोगी तरुण नसतो.

आमच्या चिकित्सालयात काही वर्षांपूर्वी ५५ वर्षे वयाच्या एक बाई पायांतील गोळे व जिना चढताना गळून जाणे या तक्रारी घेऊन आल्या. रक्तदाब १७६/१०४, घोट्यांवर सूज. थायाझाइड वर्गातील मूत्रल गोळी त्या नियमित घेत होत्या आणि ती लागू पडत नाही म्हणून नुकतीच दुसरी गोळी वाढविण्यात आली होती. "अजून काही घेता का?" या प्रश्नास उत्तर "नाही" असेच आले. "पित्तासाठी?" असे विचारल्यावर कळले की शेजारणीच्या सांगण्यावरून सात महिने ज्येष्ठमधाचे चूर्ण रोज तीन वेळा, दर वेळी चमचा भरून घेणे चालू होते. ते औषध आहे असे त्यांना वाटतच नव्हते. रक्तातील पोटॅशियम २.७ निघाले. थायाझाइडने पोटॅशियम आधीच घटते, त्यात ही भर! परिचयाच्या फिजिशियनच्या देखरेखीखाली पोटॅशियम भरून काढले, चूर्ण बंद केले. तीन आठवड्यांनी रक्तदाब १४२/८८ झाला आणि वाढविलेली गोळी पुन्हा कमी करता आली.

यावरून ज्येष्ठमध त्याज्य आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. रसायन, कंठ्य, व्रणरोपण अशा गुणांचे हे द्रव्य आम्ही आजही वापरतो. लेप, गंडूष, अल्पकाळ अल्पमात्रेत चघळावयाच्या वटी यांविषयी आम्हांस शंका नाही. दीर्घकाळ, पूर्ण मात्रेत, उच्चरक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्या रुग्णास देणे ही गोष्ट मात्र निराळी. ज्येष्ठमध व सोनामुखी एकत्र असलेल्या स्वादिष्ट विरेचनासारख्या चूर्णांकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. मलावष्टंभासाठी वृद्ध रुग्ण ती वर्षानुवर्षे स्वतःच आणून घेतात, आणि तेथे पोटॅशियम मूत्र व पुरीष या दोन्ही वाटांनी जाते. असा रुग्ण डिगॉक्सिनवर असल्यास धोका अधिकच.

लवणे, क्षार आणि सैंधवाविषयीचा गैरसमज

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग निषिद्ध सांगितला आहे आणि दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या प्रदेशांतील लोकांचे उदाहरण दिले आहे. हा संदर्भ आपण सर्वजण व्याख्यानांत देतो. प्रत्यक्षात मात्र "बी.पी. आहे ना, मग सैंधव खा, ते चालते" असे सांगणारे वैद्य व औषधविक्रेते कमी नाहीत. सैंधव लवणवर्गात श्रेष्ठ आहे यात वाद नाही. पण तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, आणि वृक्कनलिकेस त्याचा उगम समुद्रातला की खाणीतला हे कळत नाही. लवणभास्कर चूर्णाच्या पाठातील भाग मोजून पाहावेत: चारही लवणे मिळून एकूण चूर्णाच्या सुमारे ४० टक्के होतात. रोज ६ ग्रॅम चूर्ण घेणाऱ्या रुग्णाच्या पोटात त्यातूनच सुमारे अडीच ग्रॅम मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी, अशी आहे.

लवण व क्षार वेगळे मानण्याच्या आपल्या परंपरेस पूरक अशी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. सॅन फ्रान्सिस्को येथील कुर्ट्झ व मॉरिस यांनी १९८३ मध्ये दाखविले की सेल्ये-पद्धतीच्या उंदरांना सोडियम क्लोराइडऐवजी तितकेच सोडियम बायकार्बोनेटच्या रूपात दिले तर रक्तदाब तसा वाढत नाही. तरीही हृदयदौर्बल्यात व वृक्कविकारात सर्जिक्षार मोकळ्या हाताने देण्यास हा आधार पुरेसा नाही.

दुसऱ्या टोकालाही सावध असावे लागते. श्वेतपर्पटीत मुख्य भाग सूर्यक्षाराचा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटचा. यवक्षारातही पोटॅशियमच प्रमुख. रुग्ण एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन वा स्पायरोनोलॅक्टोन घेत असेल तर त्याचे वृक्क पोटॅशियम राखून ठेवते, आणि वृक्कशक्ती क्षीण असल्यास ते घातक पातळीस पोहोचू शकते. मूत्रल म्हणून श्वेतपर्पटी लिहिण्यापूर्वी रुग्णाच्या गोळ्यांची पाकिटे पाहणे आम्ही अनिवार्य मानतो. चीनमधील सहाशे खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, हे खरे. परंतु त्या अभ्यासातूनही गंभीर वृक्कविकार असलेले रुग्ण वगळलेले होते.

फार्मसीधारक बंधूंना आमची विनंती एवढीच आहे की ज्येष्ठमधयुक्त चूर्णे, कासावरील सिरपे व लवणयुक्त पाचक चूर्णे यांच्या वेष्टनावर उच्चरक्तदाबाच्या रुग्णांसाठी एक ओळ मराठीत छापावी, आणि कच्च्या मुळाच्या प्रत्येक खेपेतील ग्लिसिऱ्हायझिनचे प्रमाण तपासून नोंदवावे. वैद्यांनी ज्येष्ठमध चार आठवड्यांहून अधिक काळ द्यावयाचा झाल्यास आरंभी व दर महिन्यास रक्तदाब, वजन आणि पोटॅशियम यांची नोंद रुग्णपत्रकावर ठेवावी. रक्तदाब वाढलेला आढळून चूर्ण बंद केले तरी ग्लिसिऱ्हेटिनिक आम्लाचा प्रभाव लगेच ओसरत नाही; दोन-तीन आठवडे जावे लागतात. तेवढ्या काळात दाब फार चढा नसेल व अन्य लक्षणे नसतील तर नवी गोळी वाढविण्याची घाई न करता, तिसऱ्या आठवड्याअखेर पोटॅशियम व रक्तदाब पुन्हा पाहून मग पुढील योजना ठरवावी.